खवले आणि मंडळींची काच

एका जंगलात, बाळांनो, कॅमेरे तयार होत असत. हसू नका. गोष्टीतला ससा बोलतो तेव्हा निमूट ऐकता ना? मग हेही ऐका.

तिथे चिंचेच्या ढोलीत 'खवले आणि मंडळी' हा खवलेमांजरांचा तीन पिढ्यांचा कारखाना होता. त्यात गणोबा साळिंदर कॅमेऱ्याची काच घासायचा. एका काचेला महिना लागे. गिऱ्हाईक दोन-दोन वर्षं थांबे आणि थांबल्याचा तोरा मिरवे.

मग धाकटे मालक रणधीरराव खवले गादीवर बसले.

"गणोबा, आपण कॅमेरे विकतो हा तुमचा गैरसमज आहे. आपण नाव विकतो."

"मग मी घासतो ते काय, मालक?"

"वेळ!"

काम नदीपलीकडच्या मुंग्यांना गेलं. खवलेमांजरांनी पिढ्यानपिढ्या मुंग्याच खाल्ल्या होत्या. म्हणून मुंग्यांनी आधी लेखी घेतलं, की यापुढे कारागीर खायचे नाहीत. आधी काच गेली, मग पेटी, मग बटणं. ढोलीत उरली फक्त नाव कोरायची छिन्नी. एका काचेसाठी मुंग्यांना मिळाली एक दुपार.

गणोबाला मात्र काढलं नाही. त्याला 'वारसाप्रमुख' केलं. दारातल्या काचेच्या खोलीत बसून पाहुण्यांसमोर काच घासायची, एवढंच काम. सवयीनं त्याची काच महिन्याभरात पुरी झाली. रणधीरराव धावत आले.

"अहो, संपवली कशाला? उद्या सहल येतेय!"

दुसऱ्या दिवसापासून त्याला खिडकीचं तावदान घासायला दिलं. गणोबा घासत राहिला. घरी त्याला अन्न गोड लागेना.

त्या साली हत्तिणीच्या लेकीचं लग्न झालं. फोटोत नवरी धुरकट आली आणि नवरदेवाची सोंड आलीच नाही. काचेच्या खोलीपाशी फोटो दाखवताना हत्तिणीनं डोळे पुसले.

"किती हळुवार! खवले तो खवलेच."

"वहिनी, काच नीट घासलेली नाही हो," गणोबा म्हणाला.

"वारसाप्रमुख ना तुम्ही? आणि तुम्हालाच कळत नाही?"

गणोबा पुन्हा तावदान घासायला लागला.

एके दिवशी मुंग्यांचा कारभारी मुंगळा आला. म्हणाला, "यापुढे आमच्या मालावर आमचं नाव."

रणधीरराव हसले. "तुमचं नाव ओळखतं कोण?"

"कुणीच नाही. म्हणून तुमचं विकत घ्यायला आलोय."

रणधीररावांना काच घासता येत नव्हती, की पेटी जोडता येत नव्हती. त्यांनी नाव देऊन टाकलं. 'खवले आणि मंडळी' आता मुंग्यांची, अशी जंगलभर दवंडी पिटली गेली.

जाताना मुंगळा काचेच्या खोलीपाशी थांबला.

"गणोबाकाका, आमच्या पोरींना काच घासायला शिकवाल? दुपारभरात काम उरकताना लाज वाटायची हो."

"एका काचेला महिना लागतो."

"लागू दे की."

गणोबानं तावदान खाली ठेवलं आणि उठला.

आठवड्यानं रणधीररावांना मुंगळ्याची नोटीस आली. घराच्या दारावरची 'खवले' ही पाटी उतरवावी, ते नाव आता मुंग्यांचं आहे. बिचाऱ्यांनी नुसतं 'रणधीर' ठेवलं. टपाल हरवू लागलं.

नदीपलीकडे गणोबा ओरडला, रागावला, पुन्हा पुन्हा दाखवत राहिला. शेवटी मुंग्यांची पहिली काच झाली. तिच्यातून त्याला अलीकडच्या काठावरच्या पानाची शीर न् शीर दिसली. त्यानं तीनदा पाहिलं.

नवा कॅमेरा दुकानात लागला तेव्हा गणोबा मुद्दाम गेला. एका म्हाताऱ्या वानरानं तो उचलला, डोळ्याला लावला, उलटा केला आणि परत ठेवला.

"का हो, काच कशी वाटली?" गणोबानं विचारलं.

"काच लखलखीत आहे. पण मुंग्यांच्या हातात गेला ना कारखाना! आत्मा गेला त्यातला." मग तो दुकानदाराकडे वळला. "मागच्या सालचा खरा खवले आहे का एखादा?"

एकच उरला होता, दुपारभरात उरकलेल्या काचेचा. वानरानं तो छातीशी धरून नेला.

गणोबाला इतकं हसू आलं, की अंगावरचे सगळे काटे उभे राहिले आणि त्याला दुकानाच्या दारातून बाहेरच पडता येईना.

तात्पर्य : कष्टाचं फळ गोड असतं, बाळांनो. पण फळावर चिकटवलेली चिठ्ठी त्याहून गोड असते. म्हणून शहाणं गिऱ्हाईक चिठ्ठी चाटतं आणि फळ टाकून देतं.