उन्हाकडील बाकांनी मौन धरिले त्याची हकीकत

श्री. एकाच चाकावर नानारंगी मडकी उतरवून सर्वांत पाणी सारखेच गार ठेवितो, त्या कुंभारास नमन. शके अठराशें पंचेचाळीस, रुधिरोद्गारी नाम संवत्सरे. संवत्सराच्या नावातच रक्त होते, ते आधी कोणी मनावर घेतले नाही. पुढे कोणी पुसेल कीं, एझ्रा टॉलिव्हर म्हणून चेंडूदांडूचा थोर खेळणार होता त्याचे काय जाहले, तरी जे पाहिले आणि जे खात्रीच्या मुखाने ऐकिले, ते येथे लिहून ठेविले आहे.

या राज्यात चेंडूदांडूच्या खेळाचे वेड बहुत. एकाने चेंडू फेकावा, दुसऱ्याने दांडूने टोलवावा, आणि चार ठाणी धावून मूळ जागी यावे, म्हणजे एक धाव. खेळ इतकाच, पण त्यापायी लोक भूक विसरत. आणि राज्यात लोक दोन वर्णांचे, गोरे आणि काळे. गोऱ्यांचे मंडळ मोठे, त्यांची मैदाने कुसू बांधिलेली, त्यांत सावलीच्या बाजूची बाके गोऱ्यांची आणि उन्हाच्या बाजूची काळ्यांची, मध्ये कुंपण. काळ्यांनी खेळ पाहावा, टाळी वाजवावी, दाम मोजावे, परंतु मैदानात उतरू नये, ऐसी बंदी. ही बंदी कोठे लिहिलेली नव्हती. मंडळाचे धनी एकदा जेवावयास बसले, आणि जेवण उरकल्यावर एकमेकांकडे पाहून त्यांनी मान हलविली, तोच कायदा जाहला. लिहिला असता तर कोणी खोडिला असता. हलविलेली मान खोडावी कशी? मग काळ्यांनी आपले मंडळ निराळे उभारिले, आणि त्यांत ऐसे खेळणार निपजले कीं गोरेही चोरून पाहावयास येत. ते जुन्या मोटारीतून गावोगाव हिंडत, उतरावयास जागा मिळेना म्हणून मोटारीतच निजत, खाणावळीच्या मागल्या दाराने पाव घेत, आणि काही गावांच्या वेशीवर पाटीच असे कीं काळ्याने दिवस मावळण्याआधी गाव सोडावा, तेथे जिंकत आलेला खेळ सूर्याकडे पाहून मुद्दाम हरत आणि वाटेस लागत. जीव राहिला तर उद्या जिंकू, ऐसा त्यांचा हिशेब.

त्यांत एझ्रा टॉलिव्हर हा उमदा गडी. त्याचा दांडू लागला म्हणजे चेंडू कुसाबाहेर जाई आणि शोधावयास माणसे धाडावी लागत. त्याची पणजी ज्या गोऱ्या धन्याच्या घरी बटीक होती, त्या धन्याचा रंग एझ्राच्या अंगी उतरला होता. कसा उतरला, ते घरात कोणी बोलत नसे. गोऱ्यांच्या एका संघाचे सरनौबत हॅलोरन म्हणून होते, त्यांचा संघ त्या साली हारीवर हारी खात होता आणि धनी त्यांजवर खवळले होते. हॅलोरन यांनी एझ्राचा खेळ पाहिला, त्याचा रंग पाहिला, आणि त्यास एका बाजूस नेऊन बोलिले, "आजपासून तू समुद्रापलीकडच्या बेटावरचा. नाव राफाएल. बेटावरचे लोक उन्हाने रापलेले असतात, त्यांना आम्ही चालवून घेतो. तुला आमची भाषा येत नाही. काय?" एझ्रा म्हणाला, "जी." हॅलोरन म्हणाले, "तेच म्हणतो. जी सुद्धा म्हणायचं नाही."

मग एझ्रा बेटकरी जाहला, आणि भय म्हणजे काय ते त्यास त्या दिवसापासून कळू लागले. डोईवरची टोपी जेवतानाही काढीत नसे. उन्हात सर्व गडी हात उघडे टाकीत, हा बाह्या मनगटापर्यंत ओढी. पंगतीस बसले असता कोणी काळ्या लोकांवर थट्टेची गोष्ट सांगे, तेव्हा इतर हसेपर्यंत थांबावे आणि मग भाषा न समजलेल्या माणसासारखे हळूच हसावे, ऐसे त्यास करावे लागे. झोपेत बोलण्याची सवय होती, म्हणून तोंडात फडके धरून निजे. आणि सर्वांहून मोठे भय त्याच्या नावाचे. रस्त्याने जाता मागून कोणी, "एझ्रा!" म्हणून आपल्याच कोणास हाक मारिली, तर मान वळता कामा नये, आणि मान आवरली तरी खांदा दगा देई. आईने ठेविलेले नाव, पण ते कानी पडेल म्हणून तो कापे. तिकडे दांडू मात्र चाले, आणि संघ जिंकू लागला, आणि गोरे लोक त्यास डोक्यावर घेऊन नाचू लागले. जितके नाचले तितके भय वाढले.

मंडळाने कॅलोवे नावाचे गृहस्थ नेमिले होते. त्यांचे काम एवढेच कीं, ती हलविलेली मान कोणी विसरत नाही ना, ते पाहावे. मनुष्य हुशार, आवाज मृदु, कोणास शिवी दिलेली आम्ही ऐकिली नाही. हा लिहिणार त्यांचा कारकून. दऊत-लेखणी घेऊन सावलीच्या बाजूस त्यांचे डाव्या हातास बसत असे. त्यांस राफाएलाविषयी संशय आला होता, परंतु पुरावा नव्हता, आणि पुराव्यावाचून हॅलोरन ऐकते ना. अशात संघाची स्वारी दक्षिणेस निघाली, आणि जे गाव पुढे आले ते एझ्राचे जन्मगाव होते.

ही वार्ता गावी पोचताच उन्हाकडच्या लोकांत आनंद जाहला आणि लगोलग धाक बसला. एझ्राच्या मातुश्री डेलियाबाई, गावात इस्त्रीचे काम करीत. पोराची गाठ पडून वर्ष होत आले होते. प्रार्थनामंदिरात सर्व मिळाले, आणि सायलसबुवा, ज्यांनी एझ्रास प्रथम दांडू धरावयास शिकविले, ते उभे राहून बोलिले, "आपला पोरगा मोठा झाला, ते आपण सगळे बघणार. पण कोणी टाळी वाजवायची नाही. नाव घ्यायचं नाही. एक हाक गेली की पोर गेला." एकजण म्हणाला, "बुवा, घरी बसावं मग सगळ्यांनी." सायलसबुवा म्हणाले, "बाकं रिकामी दिसली तर तेही विचारतील." मग डेलियाबाई बोलिल्या, "मी येणार. हात मांडीखाली घालून बसेन, पण येणार. मला नुसतं त्याला धावताना बघायचंय." आणि सर्वांनी वचन दिले कीं, तोंडास कुलूप. झाकली मूठ सव्वा लाखाची, ऐसे ते मानीत. ही हकीकत आम्हांस मागाहून कळली. कोणाकडून, ते शेवटी येईल.

खेळाचे दिवशी मैदान भरले. सावलीकडे शिट्ट्या, गलका, आणि उन्हाकडे एवढी माणसे बसली असता डोईवर बसलेले पाखरू उडेल म्हणून धरावी तैसी शांतता. एझ्रा दांडू घेऊन उतरला. त्याने त्या बाजूस पाहिले नाही, आणि त्या बाजूने त्याजकडे जे पाहिले ते टोपीच्या कडेखालून. पहिल्याच चांगल्या चेंडूवर त्याने ऐसा टोला दिला कीं चेंडू उन्हाकडच्या बाकांवरून, त्याच्या स्वतःच्या आईच्या डोक्यावरून, कुसाबाहेर गेला. सावलीकडील सर्व उभे राहिले. उन्हाकडे एकही हात हलला नाही. एझ्रा चारही ठाणी धावून आला, आणि डेलियाबाईंनी ते पाहिले, आणि डोळ्यांस पाणी आले ते उन्हाचे निमित्त करून पुसले.

तेव्हा कॅलोवे साहेब आम्हांस म्हणाले, "एक गोष्ट ध्यानात आली का? हे लोक आमच्या गड्यांनाही टाळ्या देतात. मैदानात कुत्रं शिरलं तरी टाळ्या देतात. आज काय झालंय यांना?" आम्ही म्हणालो, "ऊन फार आहे, साहेब." ते म्हणाले, "ऊन रोजच असतं." आणि मग उठून कुंपणाशी गेले, आणि गावच्या संघाचा चेंडू फेकणारा तेथे पाणी पीत होता त्याच्या कानाशी लागले. शब्द आम्हांस ऐकू आले. म्हणाले, "कान आणि टोपी यांच्या मध्ये." ओरडून सांगावे ऐसे मनात आले, परंतु ओरडणाराकडे लोक निरखून पाहतात, आणि आम्हांस निरखलेले परवडत नव्हते. म्हणून बसून राहिलो.

एझ्रा पुन्हा दांडू घेऊन उभा राहिला, आणि कॅलोवे साहेबांनी आपले आसन फिरवून घेतले. मैदानाकडे पाठ, उन्हाकडच्या बाकांकडे तोंड. आणि चेंडू सुटला. तो लागल्याचा आवाज नारळ फोडल्यासारखा आला. टोपी लांब जाऊन पडली, आणि एझ्रा जागच्या जागी बसला आणि मग आडवा जाहला. सावलीकडील सर्व माना वर काढून पाहू लागले, कोणी बाकावर चढले, कोणी हळहळले, आणि उन्हाकडे एक मान वर नाही. कोणी आपल्या बुटांकडे पाहतो, कोणी पुढच्याच्या पाठीकडे, आणि डेलियाबाई मांडीवरील रुमालाची घडी घालीत होत्या, आणि घातलेली मोडून पुन्हा घालीत होत्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. कॅलोवे साहेब कोणास न दुखविता बोलावे तैसे बोलिले, "पडलेल्याकडे परका माणूस बघतो. ज्याला बघवत नाही, तो घरचा." आणि मग त्यांची नजर फिरली ती आम्हांवर आली. आम्ही दऊतीकडे पाहत होतो. त्यांनी पुसिले, "दऊत सांडली काय?" आम्ही म्हणालो, "नाही साहेब. सांडेल म्हणून बघतो." त्यांनी थोडा वेळ आम्हांकडे पाहिले, आणि मग ते मैदानात उतरले, आणि लेखणी घेऊन आम्हांसही मागून जावे लागले.

एझ्रा उठून बसला होता, कानातून रक्त येत होते, आणि हॅलोरन त्याजपाशी उभे होते. कॅलोवे साहेब गुडघ्यावर बसले आणि मायेने पुसावे तैसे पुसू लागले, "तुझी आई कुठल्या बाकावर आहे, ते तू सांगतोस, की मी एकेक बाई उठवून इथं आणू?" सावलीकडे कुजबूज सुरू जाहली होती, आणि कुजबुजीचा गलका व्हावयास वेळ लागत नाही, आणि त्या गावच्या वेशीबाहेर एक झाड होते, गलका जाहला कीं काळ्यांस त्याच्या फांदीस टांगीत, म्हणून त्याचे नाव उन्हाकडचे लोक घेत नसत. एझ्राने त्या बाजूस प्रथमच पाहिले. मग ज्याने सबंध मोसम शब्द उच्चारला नव्हता तो बोलिला, "कोणाला उठवू नका. माझं नाव एझ्रा टॉलिव्हर. मी एकटाच आलोय." हॅलोरन लागलीच दोन पावले मागे सरले आणि म्हणाले, "मला याची काही कल्पना नव्हती." गरज सरो, वैद्य मरो. कॅलोवे साहेबांनी आम्हांस लिहावयास सांगितले, आणि आम्ही ते नाव लिहिले, आणि आमचे अक्षर त्या दिवशी फार वाईट आले.

मग एझ्रा आपल्या पायांनी चालत निघाला. मैदानास दोन दारे होती, आणि तो उन्हाकडच्या दाराने बाहेर पडला. इकडे सावलीकडील लोक खाली उतरू लागले, काहींच्या हाती दांडू होते, आणि तिकडे उन्हाकडील सर्व एकदम उठले, आणि टाळी नाही, शब्द नाही, त्यांनी त्यास मध्ये घेतिले, आणि सायलसबुवांनी आपली टोपी त्याच्या डोईवर दाबिली, आणि प्रत्येकाने आपापली टोपी भुवयांपर्यंत ओढिली, आणि कुंपणापलीकडून पाहणारांस नुसत्या टोप्या दिसत होत्या. त्या घोळक्यात डेलियाबाई त्याच्या अंगाशी आल्या आणि त्याचा हात धरून हळू म्हणाल्या, "एझ्रा, कानाला फार लागलं का रे?" ज्या नावास तो मोसमभर भ्याला ते नाव त्याने ऐकिले, आणि मान वळविली, आणि म्हणाला, "या बाजूनं बोल, आई. त्या कानानं ऐकू येत नाही." आणि दिवस मावळण्याआधी उन्हाकडच्या एकाची जुनी मोटार त्यास घेऊन वेशीबाहेर गेली, त्या झाडाजवळून गेली, आणि थांबली नाही.

एकूण हकीकत इतकी. एझ्रा पुढे आपल्या लोकांच्या मंडळात खेळला, चेंडू कुसाबाहेर घालवीत राहिला, परंतु चेंडू कानाजवळून आला कीं डोळे मिटी. ती मान अद्याप कोणी उलटी हलविली नाही. कॅलोवे साहेब कामावर आहेत, आणि कधीमधी सहज पुसतात, दऊत सांडली काय म्हणून. लिहिणाराने खाली नाव घातिले नाही. डेलियाबाईंच्या शेजारी जी बाई बसली होती, जिने हे सारे सांगितले, ती लिहिणाराची आई. त्या सबंध दिवसात तिने सावलीच्या बाजूस एकदाही पाहिले नाही.