बाईराजे शाल्मली आणि गाणडबीची हकीकत

श्रीशारदा, जी सर्वांचे ऐकते आणि कोणाचे विसरत नाही, तिचे चरणी मस्तक ठेवून लिहितो ऐसे जे, शके १९३४ नंदन नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी एका राज्यात ही गोष्ट सुरू जाहली. राज्याचे नाव लिहीत नाही. नाव लिहिले की वारस उभे राहतात आणि हकीकत बाजूस पडते. त्या राज्यी राजे होते, राणी मृदुलाबाईसाहेब होत्या, आणि उभयतांस एकच कन्या, बाईराजे शाल्मली, वय वर्षे पाच. बाईराजे मोठ्या गोड, परंतु विद्येच्या नावे शंख. पंतोजी पाटी घेऊन देवडीत दिसले की त्या झोपाळ्यावर, पंतोजी झोपाळ्यापाशी आले की त्या पेरूच्या झाडावर, आणि पंतोजींचे वय झाडावर चढण्याचे नव्हते. मग दरबारी लोक म्हणू लागले, लेकरू मंद आहे. ते राणीसाहेबांच्या कानी गेले आणि जिवास लागले. त्यांनी ध्यान ठेवून पाहिले, तो स्वयंपाकघरात कोणी गाणे म्हटले की बाईराजे तेच गाणे झोपाळ्यावर जसेच्या तसे म्हणत, हरकतींसुद्धा. राणीसाहेब उमजल्या, की या पोरीचे शिकणे डोळ्यांनी नाही, कानांनी आहे.

मग त्यांनी राजांकडून गाणी वाजवणारी एक डबी आणविली. काडेपेटीएवढी, बोललेले तीत साठे, आणि दोन तारा कानांस लावल्या की ऐकू येई. परमुलखी तीस एमपीथ्री प्लेअर म्हणत, आमचे राज्यी गाणडबी म्हणत. राणीसाहेबांनी तीत स्वमुखे मुळाक्षरे, महिने आणि पाढे चालीवर म्हणून भरिले, आणि प्रत्येक धडा सरला की म्हणत, "शाबास. आता पाणी पी, मग पुढचं." बाईराजे झोपाळ्यावर बसून ऐकत, आणि पाणी पी म्हटले की खरेच उतरून माठापाशी जात, पाणी पीत आणि पुन्हा येऊन बसत. ऐसे करता अक्षरे आली, महिने आले, पाढे येऊ लागले, आणि मंद म्हणणारांची दातखीळ बसली. परंतु राणीसाहेबांस छातीचे दुखणे होते, आणि ते उतरणारे नाही हे त्यांस ठाऊक होते, म्हणोन घाई होती. चाराचा पाढा भरताना चार सक चोवीस म्हणाल्या आणि खोकल्याची उबळ आली, मग दम घेऊन चार साते म्हणाल्या. राजांची थोरली बहीण सुमित्राबाई आक्कासाहेब जवळ होत्या. त्या मोठ्या शिस्तीच्या. म्हणाल्या की पाढा पुन्हा स्वच्छ म्हणावा, खोकला राहिला तर बरे दिसत नाही. राणीसाहेब हसल्या आणि बोलिल्या, "राहू द्या, वन्सं. पुन्हा म्हणायला दम नाही. मी गेल्यावर तिचं शिकणं तेवढं थांबू देऊ नका." आक्कासाहेबांनी वचन दिले, आणि माघ मासी राणीसाहेबांस देवाज्ञा जाहली.

राज्य बुडाल्यासारखे जाहले. राजांनी अन्न टाकिले, दासी कोपऱ्याकोपऱ्यांत रडल्या, परंतु बाईराजे रडल्या नाहीत, आणि आई कुठे म्हणून कोणास विचारलेही नाही. लोक कुजबुजले, पोर दगडाची आहे. पोर झोपाळ्यावर बसे, तारा कानांस लावी, आणि मधूनच उतरून पाणी पिई. लोकांस दिसत होते आणि कळत नव्हते. मग आक्कासाहेबांनी शिक्षण हाती घेतले. त्यांस कोणी दोष देईल तर त्याने आधी हे वाचावे, की त्यांचा बाईराजांवर जीव होता आणि दिलेले वचन उशाशी होते. पुढचे पाढे भरावयास गेल्या तो डबी भरलेली, नवे घेईना. त्या घराण्याची रीत ऐसी, की धडा पाठ जाहला की लेकराने ओल्या फडक्याने पाटी पुसावी आणि मग पुढचा धडा मिळावा. पुसलेली पाटी हीच शाबासकी. आक्कासाहेब त्या रीतीत वाढलेल्या. त्यांनी बाईराजांकडून सर्व म्हणवून घेतले, सर्व पाठ निघाले, त्यांस संतोष जाहला, आणि त्यांनी डबी पुसली. मग घसा बसेतो तिसापर्यंतचे पाढे स्वच्छ म्हणून भरिले, आणि सकाळी बाईराजांच्या हाती डबी देऊन शिऱ्याची वाटी आणावयास आत गेल्या. बाईराजांनी तारा कानांस लावल्या, ऐकिले, तारा काढिल्या, डबी उलटीसुलटी करून पाहिली, आणि आत जाऊन बोलिल्या, "आत्या, आई कुठे गेली?" तेव्हा आक्कासाहेबांस कळले आणि वाटी हातीच राहिली. राणीसाहेब माघात गेल्या हे जगासाठी. लेकीसाठी आई त्या सकाळी गेली.

राजांनी दूरदूरचे जाणकार आणविले, सर्वांनी मान हलविली, की गेले ते गेले. राजे बहिणीस वावगे अक्षर बोलिले नाहीत, आणि बोलिले असते तर बरे होते, ऐसे आक्कासाहेबांस वाटले. बाईराजांनी शिकणे टाकिले, बोलणे टाकिले, झोपाळा रिकामा राहिला. मग चैत्र उजाडला, आणि एके दिवशी आक्कासाहेब आत तांदूळ निवडीत होत्या तो झोपाळ्याची कडी वाजली आणि बारीक आवाज आला. चार एके चार, चार दुणे आठ, ऐसे चालले, चार सक चोवीस जाहले, आणि बाईराजे खोकल्या. आक्कासाहेब लगबगीने बाहेर आल्या आणि बोलिल्या, "खोकला झाला का गं? थांब, काढा देते."

"नाही आत्या," बाईराजे बोलिल्या, "इथं खोकायचं असतं."

मग त्यांनी पाढा शेवटास नेला आणि आपणच आपणांस म्हणाल्या, "शाबास. आता पाणी पी, मग पुढचं." त्या उतरणार, तो आक्कासाहेबांनी पेला भरून आणिला होता. बाईराजे पाणी प्यायल्या. मग आक्कासाहेब झोपाळ्यापाशी भुईवर बसल्या आणि बोलिल्या, "मला शिकव." बाईराजांनी पहिल्यापासून सांगितले, आक्कासाहेब मागून म्हणाल्या, आणि चोवीसपाशी त्याही खोकल्या.

सारांश, डबी जामदारखान्यात आहे. तीत तिसापर्यंतचे पाढे स्वच्छ आहेत, कोणी ऐकत नाही. त्या राज्यात आजही लेकरे चाराचा पाढा म्हणताना चोवीसपाशी खोकतात आणि पाढा सरला की पाणी पितात. परमुलखीचे लोक हसतात, त्यांस हसू द्यावे. जैसे जाहले तैसे लिहिले.