आत्याबाईंच्या पाळणास्वारीची हकीकत

स्वस्ति. सकल श्रोतेजनांस विज्ञापना ऐसी जे, पूर्वी थोर थोर राजे जाहले, त्यांनी गड घेतले, दर्ये ओलांडिले, आणि त्यांचा पराक्रम लिहिणारे लिहून गेले. परंतु ज्यांनी जेवणाचे डबे, सतरंजी आणि विहीण समागमे घेऊन, सुटीच्या दिवशी, भर उन्हात, करमणूकबागेच्या तळ्यावरून अंतराळमार्गे प्रयाण केले, त्यांच्यासाठी अद्याप कोणी दौत उघडिली नाही. ते न्यून दूर व्हावे, एतदर्थ ही हकीकत जैसी घडली तैसी लिहिली असे. श्रोत्यांनी चित्त देऊन ऐकावी. हसूं आल्यास पदर अथवा रुमाल, जे जवळ असेल ते, मुखास लावावे.

त्या बागेची रचना ऐसी जे, अलीकडे दरवाजा, मध्ये विस्तीर्ण तळे, आणि पलीकडे झाडी, झोपाळे आणि जेवावयाची सावली. पूर्वी तळ्याच्या काठाने एक छोटी आगगाडी कण्हत कण्हत जात असे. ती बहुत जुनी जाहली, म्हणोन बागेच्या धन्यांनी तीस रजा दिधली, आणि तळ्यावर पोलादी तार ताणोन तीस काचेच्या खोल्या टांगिल्या, आणि त्यांस पाळणा ऐसे नामाभिधान केले. मग दरवाजावर भला थोरला फलक लाविला, त्यावर अक्षरे ऐसी: ‘आता प्रत्येक कुटुंबाला पाळणा!’

तो फलक वाचोन आत्याबाईंनी सूनबाईंकडे पाहिले. सूनबाईंनी आपल्या चपलांकडे पाहिले. पुतण्याने आभाळाकडे पाहिले, तों तेथे खराच पाळणा लोंबत होता.

या आत्याबाई म्हणजे पुतण्याच्या मातेच्या ठायी. त्याची आई लहानपणीच निवर्तली, तेव्हांपासोन यांनीच त्यास वाढविले आणि बोहल्यावर चढविले. सबब वरपक्षाची सारी दौलत आणि सारा मानपान यांजकडे. वधूपक्षाकडील सरदार म्हणजे सूनबाईंच्या मातोश्री, विहीणबाई. दोघींमध्ये उघड वैर नव्हते. उघड असते तर मिटले तरी असते. साखरपुड्याचे दिवशी विहीणबाईंनी स्तुती केली होती, “या वयातही तुमचे दात कसे मोत्यांसारखे!” त्यावर आत्याबाईंनी उत्तर केले होते, “रोज मिठाने घासते ना.” विहीणबाई बोलिल्या, “मीसुद्धा!” ते दिवसापासोन दोन्ही पक्षांची इज्जत मिठावर उभी होती. वास्तविक आत्याबाईंच्या मुखी सगळी कवळी होती, आणि ही गुप्त खबर पुतण्यावांचून कोणास ठाऊक नव्हती.

असो. ते दिवशी पाळण्याच्या ठाण्यावर रयत बहुत मिळाली आणि तिजमध्ये मोठी खळबळ उडाली. मग बागेचे व्यवस्थापक हातीं कर्णा घेऊन स्टुलावर उभे राहिले, आणि कोणी भिऊ नये, शंका असतील त्या विचाराव्या, ऐसे जाहीर केले. तेव्हां शंकांची एकच फैर झडली.

“मध्येच पडला तर?”

“पडत नाही हो.”

“पडत नाही म्हणजे बंद पडत नाही, की खाली पडत नाही?”

“दोन्ही नाही.”

“आत पंखा आहे का?”

“खिडकीला फट आहे.”

एका स्थूल गृहस्थांनी गर्दीतून नुसती करंगळी वर केली. व्यवस्थापक बोलिले, “त्याची सोय वर नाही. आधीच जाऊन या.” गृहस्थ म्हणाले, “आत्ता नाही लागलेली. वर गेल्यावर लागली तर?” या शंकेस कोणत्याही शास्त्रात उत्तर नाही, सबब व्यवस्थापकांनी कर्णा दुसरीकडे वळविला.

मग कोणी पुसिले, हा थांबतो कोठे? तेव्हां व्यवस्थापकांनी कबूल केले जे, “थांबतच नाही. ठाण्यात आला की मुंगीच्या पावलाने चालतो. चालत्यात चढायचं, चालत्यात उतरायचं.” हे ऐकोन रयतेचे अवसान गळाले. एक मावशी तर तेथेच सतरंजी पसरोन बोलिल्या, “आम्ही इथेच जेवतो बाई. झाडं घरीही आहेत.”

विहीणबाईंनी काळा चष्मा सावरोन फर्माविले, “त्यात घाबरायचं काय? आमच्याकडचे सगळे धीट. आत्याबाईंना जमत नसेल तर त्यांनी इथेच बसावं, आम्ही त्यांचा डबा पलीकडून पाठवून देऊ.”

ते वाक्य आत्याबाईंच्या कर्णीं तीरासारखे शिरले. मग त्यांनी मनसुबा केला जे, प्राण गेला तरी बेहत्तर, परंतु विहिणीच्या आधी पाळण्यात पाऊल टाकावे. इतक्यात रांगेतील कोणी वाचाळ बोलिला, “खांबावरून जाताना असा हिसका बसतो, दात वाजतात नुसते!” आत्याबाईंनी विचार केला जे, दात वाजतील ते ठीक, परंतु वाजतां वाजतां तळ्यात पडले तर काय करावे? मग खांबाआड मुख फिरवोन त्यांनी कवळी काढिली, स्टीलच्या डबीत ठेविली, डबी पिशवीत घातली, आणि ओठ मिटोन बाहेर आल्या. मुद्रा गंभीर दिसली. विहीणबाईंस वाटले, भ्याल्या.

आतां येथे एक विद्या सांगणे प्राप्त आहे. आत्याबाईंचा जन्म जागा धरण्यात गेला. एस.टी. असो, लग्नाची पंगत असो, दवाखान्याचा बाक असो, त्यांचा रुमाल आधी बसे आणि मग त्या बसत. रिकामा पाळणा समोर येतांच त्यांनी सवयीने हात लांबविला आणि पिशवी खिडकीजवळच्या जागेवर टाकिली, आणि मग मागे वळोन, पिशवी कोणाची आहे हे रांगेस डोळ्यांनीच ठणकाविले. एस.टी. असती तर उभी राहिली असती. पाळणा उभा राहिला नाही. दारे आपोआप मिटली आणि पिशवी एकटीच, खिडकीची जागा धरोन, अंतराळी निघोन गेली. जागा उत्तम धरिली गेली. धरणार तेवढी मागे राहिली.

मागोन रेटा आला, तेणेकरोन विहीणबाई आणि सूनबाई पाठोपाठच्या पाळण्यात लोटल्या गेल्या. दार मिटतां मिटतां विहीणबाई खिदळोन बोलिल्या, “काळजी करू नका, तुमची पिशवी मी पलीकडे ताब्यात घेते! उघडून बघते सगळं नीट आहे ना!”

आत्याबाईंच्या पायांखालचा फलाट सरकला. ओरडावे तर मुखी दात नाहीत, आणि न ओरडावे तर दात विहिणीच्या हातीं पडणार! त्यांनी पुतण्याचा दंड ऐसा धरिला की तो कळवळला.

पलीकडील ठाण्यावर एक पहारेकरी होता, बहुत दक्ष. माणसांवाचोन पाळणा आला आणि आंत पिशवी बसली आहे, हे पाहोन तो सावध जाहला. त्याने ती काठीने बाहेर ओढिली आणि हलवोन पाहिली, तों आंत खडखड ऐसा नाद जाहला. मग त्याने मागचा पुढचा विचार न करितां तांबडी कळ दाबिली. तत्काळ तार थांबली, आणि ज्याची रयतेस धास्ती होती तेच घडले: सारे पाळणे तळ्यावर जेथल्या तेथे लटकले. एका पाळण्यांत विहीणबाई आणि सूनबाई, आणि दुसऱ्यांत ते करंगळीवाले गृहस्थ, लटकले. गृहस्थांस आतां लागली होती.

मग पहारेकऱ्याचा आवाज दोन्ही ठाण्यांवर आणि पाळण्यापाळण्यांत घुमला. “एक बेवारस पिशवी सापडली आहे. हलवली की आत काहीतरी खडखडतं. जिची असेल तिने स्वतः सांगावं आत काय आहे. तोवर काहीच हलणार नाही.”

पुतण्या हळूच म्हणाला, “आत्या, सांगून टाक.”

आत्याबाईंनी मान हलविली.

“मी सांगू? चष्मा आहे म्हणतो.”

आत्याबाईंनी त्याच्या मुखावर हात ठेविला आणि शपथेच्या खुणा केल्या. चष्मा म्हणावे आणि पहारेकऱ्याने उघडोन पाहावे, म्हणजे असत्याचाही डाग आणि बोळक्याचाही. आणि खरे सांगावे तर विहीण वर बसोन शब्द न् शब्द ऐकणार. मिठाची दौलत क्षणांत बुडणार. ऐशी दुहेरी कोंडी जाहली.

तों त्यांची नजर वर गेली. पाळण्याच्या काचेस सूनबाईंचा पंजा घट्ट लागला होता. पोरीस उंचीची भोवळ येते. माडीच्या गच्चीवर कपडे वाळत घालावयासही ती आत्याबाईंस पुढे करीत असे. हे गूज तिने आपल्या आईसही सांगितले नव्हते, कां की आईकडचे सगळे धीट. तो पंजा पाहोन आत्याबाईंचे काळीज हलले, आणि त्या मनात बोलिल्या, इज्जत काय, परत जमवितां येईल. मग त्यांनी व्यवस्थापकांच्या हातीचा, तळ्यापलीकडे ऐकूं जाणारा कर्णा हिसकोन घेतला आणि सर्वांसमक्ष मुख उघडिले.

परंतु दाताविना त्यांच्या मुखांतून आले ते ऐसे: “हात!”

पहारेकरी बोलिला, “काय?”

“हात! पिशवीह हात आहेह!”

“बाई, पिशवीत हात आहेत?”

“हो! माजे हात!”

“तुमचे? मग कर्णा कशाने धरलाय?”

तेव्हां फलाटावर हाहाकार उडाला. पिशवीत मनुष्याचे हात सापडले, ही आवई सतरंजीवरील मावशींपावेतो पोहोंचली आणि त्यांच्या घशात घास अडकला. पुतण्या गळा फाडोन ओरडत होता. गोंगाटात कोण ऐकतो? व्यवस्थापक स्टुलावरोन उतरोन स्टुलाखाली बसों पाहात होते. आत्याबाई मात्र कर्णा सोडीनात. जितक्या जोराने खरे सांगत, तितके हात वाढत.

इतक्यात पाळण्यांतील बोलावयाची कळ कोणी दाबिली आणि विहीणबाईंचा खडा आवाज चहूंकडे घुमला. “अहो पहारेकरी, हात नाही, दात! आत खडखडते ती कवळी आहे त्यांची. उघडून बघा आणि आम्हाला खाली घ्या!”

“तुम्हाला कसं कळलं?”

 मग विहीणबाई बोलिल्या, “दाताशिवाय दात म्हटलं की हातच येतो तोंडातून. माझाही रोज सकाळी येतो, माझी पाण्यात असते तोवर.”

 मग दुसऱ्या पाळण्यांतून क्षीण आवाज आला, “आता तरी चालू करा हो.” तो करंगळीवाल्या गृहस्थांचा होता.

पहारेकऱ्याने डबी उघडिली, आंत पाहिले, झाकण अदबीने लाविले, आणि तांबडी कळ सोडिली. पाळणे चालों लागले. मग आत्याबाईंनी पदर खोचिला, पुतण्याचा हात झिडकारिला, आणि चालत्या पाळण्यात उजवे पाऊल टाकोन, रुमाल न टाकतां, प्रथमच आयुष्यात थेट स्वतः बसल्या. खांबावर हिसका बसला. वाजावयास मुखी काही नव्हते, सबब काही वाजले नाही.

पैलतीरी उतरतांच पहारेकऱ्याने डबी दोहों हातीं अर्पण केली. आत्याबाईंनी मुख फिरविले, कवळी बसविली, आणि पहिला शब्द स्वच्छ उच्चारिला.

“दात.”

“आला बरोबर,” विहीणबाई झाडाखालील बाकावरोन बोलिल्या. “आणि मीठ?”

“मीठ मी भाजीत घालते.”

“मीसुद्धा!”

सूनबाई दोघींमध्ये उभी होती, अद्याप किंचित पांढरी. आत्याबाईंनी तिचा थंड पंजा आपल्या हातीं घेतला आणि बोलिल्या, “परत जाताना आपण दोघी तळ्याच्या काठाने चालत जाऊ.” विहीणबाईंनी कारण पुसिले नाही, “मीही येते,” इतकेच बोलिल्या. मग त्यांनी बाकावरील आपला रुमाल उचलिला आणि शेजारची जागा झटकोन दिली. आत्याबाई यावयाच्या आधीपासोन तो रुमाल तेथे होता.

येणेप्रमाणे पाळणा काबीज जाहला, दात स्वस्थानी दाखल जाहले, आणि उभय पक्षांत मिठावरून तह जाहला. त्या फत्तेचे स्मारक म्हणोन व्यवस्थापकांनी दुसरेच दिवशी ठाण्यावर पाटी लाविली, ती अद्याप आहे: ‘पाळण्यात सामान ठेवून जागा धरू नये. सामान निघून जाते.’ मोर्तबास शाई पुरली, विहीणबाई पुरून उरल्या, आणखी काय लिहावे.