बिरूमामांचे पाटे

ट्रकला स्प्रिंगचे नवे पाटे बसवले की माझे बिरूमामा हौद्यात चढतात, गुडघ्यांखाली घोंगड्याची घडी घालतात आणि मेंढरासारखे चार पायांवर उभे राहतात. मग फळी ठोकून म्हणतात, "मास्तर, सोड गाडी."

गाडी मी चालवायची. मी हायस्कुलात शिकवतो आणि रविवारी जुळे सोलापुरातून सख्ख्या मामाला असा फिरवतो. एकदा सिग्नलला माझ्या एका विद्यार्थ्याने विचारलं, "सर, मागं कोण आहे?" मी काही बोलायच्या आत हौद्यातून उत्तर आलं, "सराचा मामा हाय. अभ्यास कर जा."

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. ती घेतली मामांच्या दोन खोल्यांत राहून. त्यामुळे त्यांना नाही म्हणणं मला जमत नाही.

मामांनी जन्मभर मेंढरं राखली. गुडघे गेले तेव्हा सगळा कळप मैंदर्गीच्या मलकप्पाला विकला आणि हा जुना ट्रक घेतला. आता ते दुसऱ्यांची मेंढरं वाहतात. आधीचा मालक दगड वाहायचा, म्हणून चाकांवर धक्का झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, म्हणजे पाटे, जाडजूड होते. हलका माल भरला की गाडी खड्ड्याखड्ड्याला उसळायची.

यंदा मलकप्पाचा फोन आला. कळप उजनीकाठी आहे, मेंढ्या गाभण आहेत, मैंदर्गीला आणून सोडा. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. "गाडी उसळली तर गाभ टाकतील," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाट्यांच्या दुकानात.

"लोड कितना?" दुकानदाराने विचारलं.

"चाळीस जीव."

"मामू, टन में बोलो."

"जिवाचा टन हुत न्हाय."

मी मध्ये पडून सव्वा टन सांगितलं. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कळप कापून तराजूत घातला.

"सब लोग पाटे बढाने आते, ये निकालने आए," दुकानदार पुटपुटला.

दोन पाटे काढले. गाडी मऊ झाली, पण वळणावर एवढी कलली की मामा फळीवर आपटले. खांदा चोळत उतरले. "एक पडली की बाकीच्या तिच्यावर पडत्यात. एक पाटा परत घाला."

घातला. पुढच्या रविवारी म्हणाले, "पोटात हिसका बसतोय."

"तुमच्या?"

"मेंढीच्या."

शेवटी पातळ पाट्यांचा नवा जोड घेतला. त्या फेरीनंतर मामा उतरले, घोंगडं झटकलं आणि म्हणाले, "आता कुणीबी बसावं."

उजनीहून निघताना मामा पुढे बसलेच नाहीत. मैंदर्गीपर्यंत मेंढरांत उभे होते. एकही मेंढी पडली नाही. उतरवल्यावर मलकप्पाने हाळी दिली आणि सगळा कळप मामांच्या पायांना घासत त्याच्यामागे गेला. एकीनेही मागे वळून पाहिलं नाही.

"वळण चांगलं लावलंय," मामा म्हणाले.

परतताना ते माझ्या शेजारी बसले. अक्कलकोट मागे पडल्यावर बोलले, "त्या काळ्या मेंढीचं पोट उतरलंय. चार दिसांत व्याईल. फोन करून इचार की."

"तुम्हीच विचारा ना. नंबर तुमच्याकडं आहे."

"मी इचारलं तर त्येला वाटंल, इकली तरी ह्याच्यानं सोडवंना. तू शिकलेला हायस, तू कायबी इचारलंस तरी चालतंय."

चौथ्या दिवशी मी फोन केला. संध्याकाळी मामांना सांगितलं, मेंढी व्याली, कोकरू ठणठणीत आहे.

"कुणी इचारलं हुतं तुला?" मामा म्हणाले आणि भाकरी मोडत राहिले. मग खाली बघतच म्हणाले, "दोन्ही सडांना दूध हाय का, त्ये इचारलंस का?"

मी जेवण थांबवून पुन्हा मैंदर्गीला फोन लावला.