माळ्यावरचं निळं शिल्प

"पिशवीत काय आहे ते मलासुद्धा सांगायचं नाही," असं ताईंनी मुलांना बजावलं आणि तिथेच सगळं बिघडलं. अर्थात हे नंतर कळलं. त्या दिवशी ताईंना स्वतःच्या कल्पनेचं इतकं कौतुक वाटत होतं की घरी जाताना रस्त्यात त्या एकट्याच हसत होत्या, आणि समोरून येणाऱ्या एका अनोळखी गृहस्थांनी भिडेखातर परत हसून दाखवलं.

ताई म्हणजे समाज केंद्रात मुलांचा नाट्यवर्ग घेणाऱ्या ताई. अभिनय खरा हवा, या एकाच ध्यासाने त्यांना पछाडलं होतं. मुलांनी मिळून एक नाटक रचलं होतं: नकोशा वस्तूंचं दुकान. एकेक गिऱ्हाईक घरात कुणालाही नको असलेली वस्तू घेऊन येतं, ती का नको ते सांगतं, आणि दुकानदारीण ती ठेवून घेते. एवढंच नाटक, पण मुलांचा त्यावर फार जीव होता. तालमीत वस्तू म्हणून सगळे एकच उशी वापरत. ताईंना ती उशी डोळ्यांत खुपायला लागली.

"प्रयोगाला खरी वस्तू आणायची," त्या म्हणाल्या. "घरात खरोखर कुणाला नको असलेली. आणि पिशवी उघडायची ती थेट रंगमंचावर. दुकानदारणीला खरं आश्चर्य वाटलं पाहिजे."

"आणि वाक्य विसरलो तर?" तबल्याने विचारलं. हा मुलगा सदानकदा बोटांनी काहीतरी बडवत असे, म्हणून त्याचं नाव तबल्या.

"तर जे खरं असेल ते बोलायचं. खरं बोललेलं कधी वाया जात नाही. आणि काही झालं तरी नाटक थांबवायचं नाही."

मुलांनी माना डोलावल्या. ही मुलं ताईंचं ऐकायची, हाच तर घोळ होता.

या प्रयोगावर बरंच काही अवलंबून होतं. केंद्राच्या समितीला नाट्यवर्गाची खोली हवी होती, खुर्च्या ठेवायला. मुलं शनिवारी तिथे नुसता आरडाओरडा करतात, त्यापेक्षा खुर्च्या बऱ्या, निदान गप्प तरी बसतात, असं समितीतल्या एका विद्वानाचं म्हणणं पडलं. दुसरी खोली मिळणार नव्हती. म्हणजे वर्ग बंद. शेवटचा शब्द अध्यक्षबाईंचा होता, आणि त्या म्हणाल्या, "मी प्रयोगाला येते. मुलं काय शिकली ते बघते. मग ठरवू."

अध्यक्षबाई तशा मनाच्या मोकळ्या. वस्तीत कुणाचं बाळंतपण असो, कुणाची परीक्षा असो, बाई हजर. फक्त निवृत्तीनंतर त्यांनी मातीकाम सुरू केलं होतं. गच्चीवर भट्टी बसवली होती, आणि त्या भट्टीतून एकाच प्रकारचं शिल्प बाहेर पडायचं. गुडघ्याएवढं उंच, निळंशार, पोट सुटलेलं, दोन्ही बाजूंना कान आणि तोंड म्हणाल तर भलतीकडेच. ती फुलदाणी होती की प्राणी, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. कुठल्याही घरात आनंदाचं काही घडलं की बाई ते स्वतः उचलून आणून देत. सगळ्या घरांत त्याला नुसतं 'ते निळं' म्हणत.

प्रयोगाच्या संध्याकाळी सभागृह भरलं. पहिल्या रांगेत मधोमध अध्यक्षबाई आणि त्यांचे यजमान. मागे आया, बाबा, आजोबा, आत्या. रंगारीकाकांनी दुकानाचा पडदा इतका झकास रंगवला होता की एक आजोबा मघाशी त्यातल्या कपाटाचं दार उघडायला गेले होते. काका दिवसा दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि संध्याकाळी ताईंचं नेपथ्य, दिवे आणि इतर हमाली सांभाळायचे.

पडदा वर गेला. गल्ल्यावर चिमणी. हिचा आवाज सभागृहाच्या बाहेर उभ्या असलेल्या सायकलींनाही ऐकू जायचा, म्हणून ती चिमणी. पहिलं गिऱ्हाईक तबल्या. त्याने पिशवी गल्ल्यावर ठेवली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "ही वस्तू आमच्या घरात कुणालाच नको."

चिमणीने पिशवी उघडली. आतून ते निळं निघालं.

ताईंना हवं होतं तसं आश्चर्य चिमणीच्या चेहऱ्यावर उमटलं. इतकं खरं आश्चर्य कुठल्याही तालमीतून आलं नसतं. प्रेक्षकांतून एक हुंदक्यासारखा आवाज आला, तो तबल्याच्या आईचा. 

ताईंनी आपल्या विंगेतून पलीकडच्या विंगेतल्या रंगारीकाकांना हाताने खूण केली, दिवे घालवा. पण अशी खूण आधी ठरलीच नव्हती; नाटक थांबवायचंच नाही म्हटल्यावर थांबवण्याची खूण ठरवायची तरी कशाला? काकांना वाटलं, ताई खूश आहेत, जास्त उजेड मागताहेत. त्यांनी सगळे दिवे लावले. ते निळं लखलखलं.

"हे काय आहे?" चिमणीने विचारलं. वाक्य नाटकातलंच होतं.

यावर तबल्याला फडक्यात बांधलेल्या जुन्या घड्याळाविषयी काहीतरी बोलायचं होतं. तालमीत उशीलाच घड्याळ मानून तसं ठरलं होतं. पण त्याचं लक्ष पहिल्या रांगेकडे गेलं, बाई दिसल्या, आणि सगळं पाठांतर धुऊन निघालं. वाक्य विसरलं की खरं बोलायचं.

"कुणालाच माहीत नाही," तबल्या म्हणाला.

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. चिमणी हुशार. तिने प्रसंग सावरायला घेतला. "किती सुंदर आहे. पण आमच्याकडे फक्त टाकाऊ माल घेतात. तुम्ही हे घरी परत न्या आणि दिवाणखान्यात ठेवा."

"दिवाणखान्यात असतं की कधीकधी," तबल्या म्हणाला. बिचाऱ्याला आता थांबताच येईना. "अध्यक्ष आजी येणार असल्या की बाबा माळ्यावरून खाली काढतात. त्या गेल्या की परत वर."

तबल्याच्या बाबांनी पुढच्या माणसाच्या पाठीमागे डोकं लपवलं. तो माणूस तेवढ्यात स्वतःच खाली वाकला, कारण त्याचा मुलगा तिसरा येणार होता.

इकडे विंगेत ताईंनी दुसऱ्या मुलीला धरलं. "तुझ्या पिशवीत काय आहे गं?"

"तुम्हीच म्हणालात, तुम्हालासुद्धा सांगायचं नाही."

"आता सांग."

"ही परीक्षा आहे ना, ताई?" मुलगी गोड हसली आणि आत गेली.

ताईंनी उरलेल्यांच्या पिशव्या बाहेरून चाचपल्या. एक कान, दुसरा कान. पुढची पिशवी, एक कान, दुसरा कान.  घराघरांतल्या मुलांनी आपापल्या घरात प्रामाणिकपणे शोध घेतला होता आणि ती एकमताने एकाच उत्तरावर आली होती. तेवढ्यात रंगमंचावर दुसरं निळं निघालं. या वेळी हशा उघड होता. "हेसुद्धा तेच?" असं चिमणी म्हणाली, ते अर्थातच सायकलींपर्यंत गेलं.

रंगारीकाका मागून धावत आले. "काय झालं?"

"काका, दुसरी कुठलीही वस्तू द्या. झाडू, बादली, काहीही. पोरांच्या पिशव्या बदलते."

"थांबा, माझ्याकडे आहे," काका म्हणाले. "भंगार कमी पडलं तर असावं म्हणून घरून आणलंय एक." आणि त्यांनी कोपऱ्यातलं गाठोडं पुढे केलं. तिसऱ्याच्या हातात ते कोंबून ताईंनी त्याला आत ढकललं. तो दोन पावलं गेल्यावर त्यांना गाठोड्याचे कान दिसले.

"काका," ताई क्षीण आवाजात म्हणाल्या, "तुम्हालाही?"

"केंद्राची पाटी रंगवली होती ना, तेव्हा," काका म्हणाले. "आमची ही म्हणते, घरात शिरताना दचकायला होतं."

त्यानंतर ताईंनी प्रयत्न सोडला. डोक्याला हात लावून त्या विंगेतल्या स्टुलावर बसल्या. मुलं एकामागून एक जात राहिली. नाटक थांबवायचं नाही म्हटल्यावर ती थांबणार थोडीच? रंगमंचावर निळ्यांची रांग लागली. प्रत्येक पिशवी उघडली की हशा वाढायचा आणि लगेच दबायचा, कारण अध्यक्षबाईंची पाठ ताठ होती आणि ती जराही हलत नव्हती. त्यांचे यजमान मात्र रुमाल तोंडात धरून बसले होते.

आणि मग अध्यक्षबाई उठल्या.

सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. बाई सावकाश पायऱ्या चढून रंगमंचावर आल्या. ताईंना डोळ्यांपुढे खोलीत रचलेल्या खुर्च्या दिसायला लागल्या. एकावर एक, छतापर्यंत. त्यांना एकदम रडू आलं. त्या खोलीत चिमणी पहिल्यांदा आली तेव्हा भिंतीकडे तोंड करून बोलायची. तबल्या तर महिनाभर कुणाशी बोललाच नव्हता, नुसतं बाक वाजवायचा.

चिमणीने गल्ल्यामागून मान वर केली. नाटक अजून चालू होतं.

"या बाई," ती म्हणाली. आवाज जरासा कापला, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "तुम्ही काय विकायला आणलंय?"

बाईंनी निळ्यांच्या रांगेवरून नजर फिरवली. मग म्हणाल्या, "मी विकायला नाही आले गं. घ्यायला आले. माझ्या घरी एकही नाही. हे ठेवू देत नाहीत."

खाली यजमानांचा रुमाल निसटला आणि जे हसू इतका वेळ कोंडलं होतं ते सगळ्या सभागृहात फुटलं. बाईंनी पहिल्या निळ्यावरून बोट फिरवलं. बोटाला धुळीचा थर लागला. तो त्यांनी दिव्याकडे धरून नीट पाहिला.

"मी कुणाकडेही गेले की हे ओलं असायचं," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, लोक किती जपतात, रोज पुसतात."

तबल्याला फार वाईट वाटलं. "आजी, पुसायचं काम माझ्याकडे होतं. मी नीट पुसायचो. कानांच्या आतूनपण."

"हो का?" बाई त्याच्याकडे वळल्या. "मग मला एक सांग. मी हे दिलं तेव्हा तुझी आई काय म्हणाली होती?"

"तुमच्यासमोर की नंतर?"

बाईंनी बोटाची धूळ झटकली. "दोन्ही करून दाखव."

तबल्याने एक श्वास घेतला, ताईंनी शिकवला होता तसा पोटातून. मग त्याचे खांदे बदलले, मान बदलली, आणि रंगमंचावर त्याची आई उभी राहिली. "अगंबाई, एवढं मोठं? अहो, कशाला एवढा त्रास घेतलात." मग त्याने हवेत दार लावलं, कडी घातली, आणि तीच आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अहो, हे धरा आधी. पायावर पडलं तर बोटं जातील माझी."

लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. मग दुसरी मुलगी पुढे आली आणि तिने आजोबा केले. "ह्याचं तोंड कुठलं?" असं विचारत आजोबा शिल्पाभोवती पूर्ण चक्कर मारून आले आणि दमून त्याच्यावरच बसले. एकाने एकट्याने पाच जणांचं कुटुंब केलं, ज्यात प्रत्येक जण ते निळं दुसऱ्याच्या खोलीत ठेवत होता. कुणी काही लिहून दिलं नव्हतं, पाठ केलं नव्हतं. बाई गल्ल्यावर टेकून बघत होत्या, आणि बघता बघता त्यांचे खांदे हलायला लागले. हसू आहे की रडू, ते ताईंना विंगेतून कळेना. मग बाईंनी तोंड वर केलं. त्या हसून हसून लाल झाल्या होत्या.

पडदा पडायची वेळ केव्हाच उलटली होती. बाईंनी डोळे पुसले आणि प्रेक्षकांकडे तोंड केलं. 

"खुर्च्या माझ्या गच्चीवर ठेवा," बाई म्हणाल्या. "तिथे आता जागा होणार आहे. भट्टी मी बंद करते. खोली या मुलांचीच राहील."

विंगेत ताईंनी रंगारीकाकांना मिठीच मारली. काकांच्या हातात रंगाचा डबा होता, तो दोघांच्याही कपड्यांवर सांडला, पण कुणाला त्याची शुद्ध नव्हती. मुलं उड्या मारत होती, निळ्यांच्या मधून, आणि नवल म्हणजे एकही फुटलं नाही.

"माझं बोलणं संपलेलं नाही," बाई म्हणाल्या. "मी इथे मुलांचा अभिनय बघायला आले होते. तो उत्तमच आहे. पण खरी कसलेली नटमंडळी समोर बसली आहेत. इतकी वर्षं, घरोघर, एकाही तालमीशिवाय. मला एकदासुद्धा शंका आली नाही. एवढी कला वाया जाता कामा नये. दर रविवारी सकाळी याच खोलीत आईबाबांचा वर्ग भरेल. ताई शिकवतील. हजेरी मी घेईन."

टाळ्या फक्त रंगमंचावरून आल्या.

रविवारी सकाळी मुलं आधीच येऊन मागच्या बाकांवर रांगेत बसली होती. त्यांना हे चुकवायचं नव्हतं. एकेक आई, एकेक बाबा खाली मान घालून येत होते. सगळ्यात शेवटी तबल्याचे बाबा आले, लंगडत, भिंतीचा आधार घेत.

"ताई, मला आजच्या दिवस माफ करा," ते कळवळून म्हणाले. "रात्रीपासून हा उजवा गुडघा असा धरलाय की काही विचारू नका. उभंच राहवत नाही."

ताईंना दया आली. त्या खुर्ची पुढे ओढणार, तेवढ्यात मागच्या बाकावरची टकटक थांबली.

"बाबा," तबल्या म्हणाला, "दारातून आलात तेव्हा डावा पाय होता."