आकाराम वस्तादांची नजर

शालूबाई मार्गशीर्षात गेली. आकाराम वस्तादांनी बायकोचं सगळं रीतीप्रमाणे केलं. पाहुणे आले, रडले आणि गेले. पण आपलं नेमकं काय गेलं हे वस्तादांना कळलं ते चैत्रातल्या एका सोमवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, अंगणात उभ्या असलेल्या एका माणसाकडं बघताना.

तो माणूस उभा होता, हीच अडचण होती. वस्तादांच्या हिशेबानं त्यानं या वेळेला लिंबाखाली आडवं असायला पाहिजे होतं.

आकाराम वस्ताद कवठे महांकाळजवळच्या एका वाडीत लाठी शिकवायचे. रोज पहाटे मारुतीच्या देवळापुढं तीस-पस्तीस गडी जमायचे आणि वस्ताद त्यांना हात दाखवायचे. शिकवताना ते काठीपेक्षा मनाबद्दलच जास्त बोलायचे. "काठी हातानं फिरत न्हाई, मनानं फिरती. समोरचा रागानं येतोय, येऊ दे. आपुन राग घ्यायचा न्हाई. नुसतं बघायचं. नजर थंड ठेवली की त्येचा हात आपसूक खाली येतो."

हे ते अनुभवानं सांगत होते. बावीस वर्षांत एकोणीस माणसं त्यांना आव्हान द्यायला आली होती. मिरजेहून आली, जतहून आली, एक तर पार विजापूरहून आला. लाठीवाल्यांचा त्या भागातला नियम असा की आव्हान आलं तर नाही म्हणता येत नाही. आणि स्वतःच्या शिष्यांसमोर जो वस्ताद पडला, त्यानं काठी जिंकणाऱ्याच्या हातात द्यायची आणि पुन्हा शिकवायला उभं राहायचं नाही. पण एकोणीसपैकी एकानंही वस्तादांवर काठी उचलली नव्हती. सकाळच्या गाडीनं यायचे, संध्याकाळच्या गाडीनं पाया पडून जायचे. वस्तादांची नजर पंचक्रोशीत प्रसिद्ध होती.

आजचा विसावा. लालासाहेब नाव. खंडाळ्याचा. पलटणीतून पेन्शनीवर आलेला, चाळिशीचा, दोरीसारखा पिळदार माणूस. त्यानं वर्षभरात सातारा जिल्ह्यातले तीन वस्ताद घरी बसवले होते. सांगलीत मुक्काम करून तो सकाळच्या गाडीनं आला होता आणि घोंगडीत गुंडाळलेल्या दोन काठ्या बाहेर काढून अंगणात बैठका मारत होता.

वस्ताद नेहमीप्रमाणे पूजा सावकाश आटोपून बाहेर आले. उंबऱ्यात थांबले. छातीत श्वास भरून घेतला आणि लालासाहेबाच्या डोळ्यांत बघायला सुरुवात केली.

लालासाहेबानं आणखी दहा बैठका मारल्या. मग तो म्हणाला, "वस्ताद, डोळं आल्यात व्हय?"

"न्हाई."

"मग काय बगताय?"

"तुला बगतोय."

"बरं. बगून झालं की सांगा."

वस्तादांनी नजर आणखी थंड केली. लालासाहेबानं टॉवेलानं मान पुसली, पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा काढल्या आणि फोडून खायला लागला. एक शेंग त्यानं वस्तादांपुढं धरली. वस्तादांनी ती घेतली नाही.

"माजी आरती ऱ्हायलीय," असं म्हणून ते आत गेले.

मागोमाग गुंडा आत आला. गुंडा त्यांचा सगळ्यात जुना शिष्य. स्वतःची पन्नास मेंढरं, स्वतःची नातवंडं, पण वस्तादांपुढं अजून मान खाली घालून बोलायचा.

"गुंडा, ह्यो झोपला कसा न्हाई रं?"

गुंडानं दाराबाहेर बघितलं.

"ह्या वक्ताला झोपत्यात समदी. मग उठत्यात, मी बगतो, आन् पाया पडत्यात. हेला काय झालंय?"

"वस्ताद," गुंडा देवघराच्या कोनाड्याकडं बघत म्हणाला, "काकी हुत्या तवा त्या जेवाय घालायच्या."

"घालायचीच. आल्या माणसाला जेवाय घालायचं न्हाई व्हय?"

"तुमी पूजेत असायचा. तंवर काकी म्हणायच्या, आदी दोन घास खावा, मग काय डोस्की फोडायची ती फोडा. त्या दोन घासाच्या पाच भाकरी व्हायच्या. वर हुलग्याचं माडगं, दही, तूप. मग म्हणायच्या, ऊन लय हाय, पडा वाईच लिंबाखाली. दिस कलला की ती उटायची, तवा ध्यानात यायचं. आता ज्याच्या घरचं मीठ खाल्लं, त्येच्यावर हात कसा उचलायचा?"

बाहेर शेंगा फुटल्याचा आवाज येत होता.

"एकुणीस जण?"

"एकुणीस."

"तुला कवापासनं म्हाईत?"

"समद्यास्नी म्हाईत हुतं."

"मला न्हवतं."

"तुमास्नी सांगू नगा म्हणाल्या हुत्या."

वस्ताद पाटावर बसले. त्यांचं वय एकसष्ट. गुडघा दोन वर्षांपासून वळत नव्हता. बाहेरचा गडी चाळिशीचा होता आणि त्याला झोप आलेली नव्हती. शालूबाई गेल्यापासून वस्तादांना पहाटे उठायला एकच कारण उरलं होतं, ते म्हणजे मारुतीपुढचे पस्तीस गडी. आज पडले तर उद्या पहाटे उठून जायचं कुठं?

"माज्या घरनं ताट आणतो," गुंडा म्हणाला. "आमच्या मंडळींचा सैपाक झाला आसंल."

"आरं, तुज्या घरचं मीठ खाऊन त्यो तुला मारायचा न्हाई. मला मारंल."

गुंडानं विचार केला. वस्तादांचं बरोबर होतं.

"मग तुमीच करा," तो म्हणाला.

अशा रीतीनं आकाराम वस्ताद जन्मात पहिल्यांदा चुलीपुढं बसले. चार महिने शिष्यांच्या घरून पाळीनं ताट येत होतं, त्यामुळं चूल थंडच होती. पहिला अर्धा तास ती पेटेना. पेटली ती एकदमच पेटली. पिठात पाणी जास्त झालं म्हणून त्यांनी पीठ घातलं, पीठ जास्त झालं म्हणून पाणी घातलं, आणि असं करता करता परात काठोकाठ भरली. धूर दारातून बाहेर जायला लागला.

डोळे पुसत ते उंबऱ्यात आले. "लालासाब, आदी दोन घास खावा."

"नगं," लालासाहेब म्हणाला. "माजा थोरला चुलता तुमच्यात जेवून गेलाय. बारा वरसं झाली, अजून त्या माडग्याचं नाव काढतोय, आन् अजून काठी खाली ठिवून बसतोय. निघताना मला म्हणाला, कायबी कर, त्या घरात जेवू नगंस. मी शेंगा आणल्यात."

"आसं म्हणाला?"

"व्हय. तुमी करा आरती. मी थांबतो."

वस्ताद आत गेले. पिठल्यासाठी तेल तापलं होतं. त्यांनी मोहरी टाकली, ती सगळी बाहेर उडाली. मग त्यांनी भाकरी थापली. ती तव्यावर टाकताना निम्मी हातात राहिली आणि निम्मी चुलीत गेली.

लालासाहेब अंगणातून वास घेत होता. पहिल्यांदा त्यानं तोंड फिरवलं. मग शेंगा खाली ठेवल्या. मग दारापर्यंत आला. तिथं उभा राहून त्यानं आत जे चाललं होतं ते बघितलं आणि त्याला ते सहन झालं नाही, कारण लालासाहेबानं पलटणीत सतरा वर्षं काढली होती, त्यातली बारा लंगरात. एका वेळी दीडशे माणसांचा स्वयंपाक त्यानं केला होता.

"तेल जळालंय," तो दारातून म्हणाला.

"आसू दे."

"तवा लय तापलाय. लाकूड वडा भाईर."

वस्तादांनी भलतंच लाकूड ओढलं.

"सरका," लालासाहेब म्हणाला आणि आत आला. "सरका, म्हातारं मानूस. भाजून घेशीला."

"तू जेवनार न्हाईस न्हवं?"

"जेवत न्हाई. पर हे बगवत बी न्हाई."

त्यानं बाह्या वर सारल्या. परातीतला चिखल निम्मा काढून म्हशीच्या घमेल्यात टाकला. कोरडं पीठ घेतलं, मळलं, आणि त्याच्या हातात भाकरी अशी फिरायला लागली की गुंडा बघतच राहिला. कुणाच्या हातात काठीसुद्धा इतकी सुबक फिरताना त्यानं बघितली नव्हती. एकीकडं पिठलं रटरटायला लागलं. घरात चार महिन्यांनी शिजल्याचा वास पसरला. वस्ताद भिंतीला टेकून बसले होते. त्या वासानं त्यांचे डोळे मिटायला लागले.

लालासाहेबानं पिठलं ढवळलं, पळीनं तळहातावर थेंब घेतला आणि सवयीनं चाटला.

"खाल्लं," गुंडा म्हणाला.

लालासाहेबाचा हात तसाच राहिला. "चव बगितली."

"पोटात गेलं न्हवं?"

"आचारी चव बगतोच. त्येला जेवलं म्हणत न्हाईत."

"मीठ खाल्लं का न्हाई, येवडंच सांगा. थोडं का लय, ह्येला नेम न्हाई."

लालासाहेबानं डोळे बारीक करून जीभ टाळ्याला लावली. त्याच्या तोंडावर हळूहळू समाधान आलं. "मीठच न्हाई ह्यात. मी घातलंच न्हाई अजून. कुटं हाय मीठ?"

वस्तादांना माहीत नव्हतं. बावीस वर्षं या घरच्या मिठावर त्यांची नजर चालत होती आणि ते कुठं ठेवतात हे त्यांना माहीत नव्हतं. गुंडानं सगळ्या फळ्या शोधल्या. चिनी मातीची एक बरणी मिळाली. तळाला ओल होती, बाकी काही नव्हतं.

"म्हंजे मी मोकळा," लालासाहेब म्हणाला.

"मोकळा," गुंडा म्हणाला आणि खाली बसला.

"पर तुमी खाऊन घ्या वस्ताद. उपाशी माणसाला पाडलं, आसं कुनी म्हणाय नगं."

वस्ताद जेवले. अळणी पिठलं आणि भाकरी. पहिला घास घेतल्यावर जरा थांबले, मग मान वर न करता चार भाकरी खाल्ल्या. लालासाहेब वाढत होता. बाहेर ऊन मी म्हणत होतं. हात धुऊन वस्ताद अंगणात आले, काठी शोधायला लागले आणि लिंबाखाली पोचेपर्यंत त्यांचे पाय जड झाले.

"वाईच टेकतो," ते म्हणाले.

लिंबाचा मोहर गळत होता. डोळे मिटल्यावरही तो गळतच राहिला. वस्तादांनी बघितलं तर झाडाखाली ते एकटे नव्हते. एकोणीस माणसं ओळीनं झोपली होती. कुणाच्या तोंडावर पटका होता, कुणाच्या छातीवर काठी आडवी होती. विजापूरचा घोरत होता. शालूबाई त्यांच्यामधून अनवाणी फिरत होती आणि कोंबड्यांना हाताच्या इशाऱ्यानं लांब घालवत होती.

"किती येळ झोपायची गं ही?" वस्तादांनी विचारलं.

"हळू बोला. लांबनं आल्यात. निजू द्यात."

"मला लढायचंय त्यांच्यासंगं."

"व्हय, व्हय," शालूबाई म्हणाली. "तुमी बी टेका वाईच."

वस्ताद जागे झाले तेव्हा सावली पार भिंतीला लागली होती. देवळाकडचे गडी कुंपणाबाहेर गप्प उभे होते. लालासाहेब शेजारी घोंगडी बांधून बसला होता आणि टॉवेलानं वस्तादांच्या तोंडावरच्या माशा वारत होता.

"उटवलं का न्हाईस?"

"झोपल्या माणसाला उटवून मारायचं व्हय? आन् ह्यो गुंडा म्हणतोय, चार म्हैन्यात तुमी दुपारचं पयल्यांदा झोपला."

वस्ताद उठून बसले. डोळे जड होते, अंगात राग नावाला नव्हता, भीतीही नव्हती. त्यांनी आपली काठी घेतली आणि शिष्यांसमोर लालासाहेबापुढं आडवी धरली. "घे. माज्यानं आता हात उचलायचा न्हाई. तुज्या हातचं खाल्लंय."

लालासाहेबानं काठीला हात लावला नाही. मान खाजवली. "न लढता कशी घिऊ?"

"मग मार."

"मगापासनं तेच बगतोय. मारू वाटंना. लंगरात बारा वरसं मानसं जेवाय घातली, एकाला बी कवा मारू वाटलं न्हाई. मला वाटायचं मीठ खानारा बांधला जातोय. वाढनाऱ्याचं मला कुनी सांगितलंच न्हाई."

पाच वाजत आले होते. गाडीचा हॉर्न फाट्यावर ऐकू आला. लालासाहेबानं घोंगडी खांद्यावर टाकली आणि वाकून पायाला हात लावला.

"चुलत्याला काय सांगशील?" वस्तादांनी विचारलं.

"काय सांगू? लंगराचं सांगितलं तर म्हातारा हसंल. सांगतो, वस्तादांची नजर लय वंगाळ हाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे वस्ताद देवळापुढं गेले. सगळे गडी आले होते. काठी खाली ठेवून वस्ताद म्हणाले, "बावीस वरसं मी तुमास्नी नजरंचं शिकिवलं. त्यात कायबी न्हवतं. ते समदं तुमच्या काकीचं हुतं."

पस्तीस माणसांनी नवल वाटल्याचं तोंड केलं. काहींना ते बरं जमलं. गुंडाला अजिबात जमलं नाही.

"बरं," वस्ताद म्हणाले, "धरा काठ्या."

लालासाहेबानं शब्द पाळला. नजरेची गोष्ट खंडाळ्यातून निघाली आणि महिन्याभरात माण तालुक्यात पोचली. दहिवडीच्या अर्जुना नावाच्या गड्याचं पोस्टकार्ड आलं: ऐकलं ते खरं का बघायला ज्येष्ठातल्या पहिल्या सोमवारी येतो.

तेव्हापासून पहाटेची तालीम झाली की वस्ताद घरी येऊन चूल पेटवतात. शेजारच्या दगडाबाई भिंतीवरून बघतात आणि म्हणतात, "आवं वस्ताद, ते पीठ हाय, त्येच्याकडं तसं बगू नगासा." वस्ताद राग घेत नाहीत.

चूल आता पहिल्या काडीला पेटते. पिठलं बरं होतं. माडगं दोनदा चांगलं झालं. अर्जुना यायला नऊ दिवस आहेत आणि वस्तादांना अजून भाकरी थापता येत नाही.