गावंडे सरांनी घेतलेलं आवतण

आमचे शेजारी गावंडे सर घरी आले की दारातच थांबतात आणि आमच्या मांजरीला विचारतात, "येऊ काय?" तिने पाठ फिरवली तर परत जातात. एकदा आमची शिडी परत द्यायला आले, तेव्हा मांजर नेमकी फुगलेली. सर शिडीसकट माघारी गेले. शिडी अजून त्यांच्याकडेच आहे.

सर मानववंशशास्त्र शिकवतात. बडनेऱ्याहून रोज गाडीने अकोल्याच्या कॉलेजात जातात. माणूस इतर प्राण्यांसोबत कसा राहतो, हा त्यांचा विषय. मला तो अजून नीट कळलेला नाही आणि कळेल असं वाटतही नाही.

"म्हंजे जनावरांचा अभ्यास?" मी एकदा विचारलं.

"नाही बाप्पा, माणसाचा."

"मंग दिवसभर गोठ्यात कायले बसता?"

"माणूस गोठ्यात खरं बोलते, राऊतजी. बैठकीत नाही बोलत."

मी मान डोलावली. काही समजलं नाही की मी तेच करतो.

गल्लीला तर माझ्याहून कमी कळतं. एका बाईने आजारी बकरी त्यांच्या दारात आणून बांधली. सरांनी बकरीला हातही लावला नाही. बाईलाच विचारलं, "हे रुसली तं तुमाले कसं समजते?" बाई सांगत बसली. तेवढ्यात बकरी सरांची तुळस खाऊन ताजीतवानी झाली. डॉक्टर लय चांगला हाय, असं बाईने गल्लीभर सांगितलं.

"कोण कोणाले पाळून राह्यलं, हे पाह्यलं पायजे," हे सरांचं ठरलेलं वाक्य. माझी बायकोशी जुंपली होती, तेव्हाही खिडकीतून हेच ऐकू आलं.

सणावाराला जेवायला मात्र सर येत नाहीत. त्यांची पत्नी वारली, तेव्हापासून घरात ते एकटेच. माझी बायको दर सणाला बोलावते. "अभ्यास करणाऱ्यानं पंगतीत बसू नाही वहिनी, निरीक्षण बिघडते," म्हणतात, घराला कुलूप लावतात आणि बडनेरा स्टेशनवर जाऊन पुरीभाजी खातात. आमच्या पुरणपोळीने बिघडणारा अभ्यास स्टेशनच्या पुरीभाजीने कसा बिघडत नाही? बायको चिडते, मग तिचे डोळे भरून येतात. या माणसाने सणाला चार घास घरचे खावेत, एवढंच तिचं मागणं.

यंदा पोळ्याला सर माझ्यासोबत मामांच्या गावी आले. त्यांना खांदमळणी पाहायची होती. आदल्या संध्याकाळी मामांनी बैलाच्या खांद्याला तूप आणि हळद चोळली आणि दरवर्षीप्रमाणे त्याच्या कानाशी म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

"येतो," बैलाच्या पलीकडून आवाज आला.

मामांचा हात थांबला. बैलाने होकार दिल्याचं त्यांच्या हयातीत घडलं नव्हतं. मी वाकून पाहिलं, तर पलीकडे सर उभे. हाही अभ्यासच असेल, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सर आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून थेट गोठ्यात हजर. बैलांना पुरणपोळ्या भरवून झाल्या. मामी म्हणाल्या, "आता घरात चला, पान वाढलं." सर हलेनात. "मले आवतण इथलं हाय." शेवटी मामींनी ताट तिथेच आणून दिलं. मीही माझं ताट घेऊन शेजारी बसलो.

सर पोटभर जेवत होते. पोळी मागून घेत होते. मला राहवलं नाही.

"सर, आमच्या घरी का म्हणून येत नाही तुमी?"

ते म्हणाले, "तुमची माणसं लय चांगली हायत. पण वाढता वाढता सारे माह्याकडं असे पायतात, का घास गिळवत नाही. हिच्या आठवणीनं नाही, राऊतजी. त्या पाह्यण्यानं." मग बैलाकडे बोट दाखवून म्हणाले, "हा पाहा. आपलं आपलं जेवून राह्यला."

त्या क्षणी त्यांच्याकडे बघायचं नाही, एवढं मात्र मला नीट कळलं. मी ताटात मान खाली घातली, आणि कढी हवी का, तेही वर न बघताच विचारलं.